लग्न नाही, मूल नाही, मग प्रेम करता कुणावर? एका धर्मभगिनीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला एसटीत, लग्नघरात, हॉस्पिटलच्या वॉर्डात आणि नववीच्या मुलींच्या वर्गात विचारले गेलेत. मी वसईची. पहिलं व्रत घेऊन सत्तावीस वर्षं झाली. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाण्यात गेली. उत्तरं माझी आहेत. दुसरी सिस्टर वेगळी देईल, आणि तिचीही खरी असतील.

सिस्टर, तुम्ही प्रेमच सोडलंय ना?

लग्न सोडलंय. प्रेमच सोडायचं होतं तर कन्व्हेंटमध्ये कशाला आले असते? घरची केळीची वाडी काय वाईट होती?

आम्ही तीन व्रतं घेतो: ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत ब्रह्मचर्याबद्दल सांगताना 'अविभाजित हृदय' अशा अर्थाचे शब्द येतात. नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या शिकाऊ काळात, मला ते फार आवडायचे. पुढे त्यांची थोडी भीती वाटायला लागली. हृदयाचे वाटे पडले नाहीत म्हणजे ते भरलेलं आहे असं थोडंच आहे? सबंधच्या सबंध रिकामंही असू शकतं. नवरा नाही, मूल नाही, म्हणून उरलेला जिव्हाळा आपोआप गावाला मिळतो, हा भाबडा समज आहे. तो नेऊन द्यावा लागतो, आणि तोही एका वेळी एकाच माणसाला, त्याच्यासमोर बसून. तसे बसलो नाही तर आम्ही नुसत्या बिनलग्नाच्या बायका.

फादर आणि सिस्टर यांचं ब्रह्मचर्य एकच का?

जगण्यात बरंचसं एक, कायद्यात थोडं वेगळं. धर्मप्रांताचे फादर डिकन होताना, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या आधीच्या पायरीवर, ब्रह्मचर्याचं वचन देतात. आम्ही धर्मभगिनी, तसेच आमच्यासारखे धर्मसंघात राहणारे फादर आणि ब्रदर, व्रत घेतो. तेही एका दिवसात नाही. आधी निदान वर्षभर नोव्हिशिएट, मग साधारण तीन ते सहा वर्षांपुरती तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतर कायमची. 'पोरगी भावनेच्या भरात गेली' म्हणणाऱ्या आमच्या काकूंना मी हेच सांगायची. विचार बदलायला भरपूर सवड देतात.

आणि हे काही पहिल्या दिवसापासून असंच चालत आलेलं नाही. येशूचा पट्टशिष्य पेत्र, त्याला सासू होती हे शुभवर्तमानातच आहे. लॅटिन चर्चमध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या कॅथलिक परंपरेत, धर्मगुरुपदाची दीक्षा झालेल्याचं लग्न अवैध ठरवलं ते ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत. पूर्वेकडच्या कित्येक कॅथलिक चर्चमध्ये आजही विवाहित पुरुष धर्मगुरू होऊ शकतो. तेव्हा संसारी माणसाचं प्रेम खालच्या दर्जाचं, असं कुणी मला ऐकवू नये. दोन पोरांची उलटी निस्तरून पहाटेची लोकल पकडणाऱ्या माझ्या वहिनीसमोर मी असलं काही बोलणार नाही.

घरभेटीला जाता म्हणजे नेमकं करता काय?

बसते. थट्टा करत नाही, कामाचा मुख्य भाग तोच आहे.

खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी ठेवत नाही, उशीजवळ ओढून घेते, म्हणजे आजाऱ्याला मान वळवावी लागत नाही. पिशवी मांडीवरून काढून जमिनीवर ठेवते. मांडीवर असली की माणसाला कळतं, ही निघायच्या बेतात आहे. मोबाइल बंद करून पिशवीत. हात धरायचा तर आधी विचारते, कारण दुखऱ्या हाताला प्रेमानं दाबलं तरी दुखतंच. निघताना पुढचा दिवस सांगते, 'गुरुवारी, चारला', आणि गुरुवारी चारला पोचते. 'येईन हं परत कधीतरी' हे आजाऱ्याला ऐकवायचं सगळ्यात वाईट वाक्य.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका आजींनी शिकवलं. ऐंशी ओलांडलेल्या, हात थरथरणारे, तरी सुकेळी करणं सोडलं नव्हतं. राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, उलटत राहायचं, संध्याकाळी आत घ्यायची. मी गेले की आम्ही दोघी ओट्यावर बसून केळी उलटायचो. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, आणि खरं सांगायचं तर शाळेच्या वेळापत्रकाचाही विचार करत होते. चौथ्या की पाचव्या भेटीत आजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कोपऱ्यातलं राहिलं." बघितलं तर एक केळं खरंच तसंच होतं. "तू येतेस, पण तुझं लक्ष नसतं," असंही त्या पुढे म्हणाल्या, अगदी सहज, मीठ कमी आहे म्हणावं तसं. त्यांना मोतीबिंदू होता, माझे डोळे धड होते.

बोलायचं काय? शांतता अवघड होते.

होऊ दे. पहिली पाच-सात मिनिटंच अवघड असतात. 'देवाची इच्छा', 'सगळं ठीक होईल', 'निदान दुसरा मुलगा तरी जवळ आहे' ही वाक्यं ओठांवर आली की गिळायची. 'कसं वाटतंय?' असं विचारलं तर 'बरं आहे' हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा 'काल रात्र कशी गेली?' विचारा. रात्रीचं माणूस खरं सांगतो.

आमच्याकडे आणखी एक गंमत होते. आयुष्यभर बँकेत प्रमाण मराठी बोललेला माणूस शेवटी शेवटी आपल्या बोलीत जातो. मी वाडवळ समाजातली, त्यामुळे वसईतल्याच सामवेदी समाजाच्या घरातलं कादोडी बोलीतलं बोलणं भरभर चाललं की मला निम्मंच कळतं. पूर्वी मी सुनेला खुणेनं विचारायची, काय म्हणताहेत? आता विचारत नाही. ते मला सांगत असतात, सुनेला नाही. निम्मं कळलं तर निम्मं.

नुसतं बसून काय होतं? त्यापेक्षा औषधं द्या, पैसे द्या.

औषधं आधी, बसणं नंतर. वेदनेनं विव्हळणाऱ्या माणसाजवळ बसून त्याला सहनशीलता शिकवणं हा मला गुन्हा वाटतो. आमच्या काही जुन्या सिस्टर्स दुःखाचं जरा जास्तच कौतुक करायच्या. त्या बाबतीत मी त्यांच्या बाजूची नाही.

ज्यांनी हे नीट मांडलं त्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग सामाजिक कार्यकर्त्या आणि शेवटी डॉक्टर. लंडनचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या आजाऱ्यांची शुश्रूषा करणारं घर, त्यांनी १९६७ साली सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं की मरणाऱ्या माणसाची वेदना एकाच जागी नसते. हाडात असते, तशी मुलीच्या लग्नाच्या काळजीत असते, घराच्या हप्त्यात असते, 'मी कुणाचं काय वाईट केलं' या प्रश्नातही असते. त्यांनी मॉर्फिन वेळच्या वेळी द्यायला लावलं, दुखणं पुन्हा उसळण्याआधी, आणि शेजारी खुर्चीही ठेवली. दोन्ही लागतं. मॉर्फिनला हप्त्याची काळजी कळत नाही आणि खुर्चीनं हाडाचं दुखणं थांबत नाही.

आपल्याकडे वांद्र्याला माउंट मेरीजवळ १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. कर्करोग शेवटच्या टप्प्यात गेलेल्यांना तिथे मोफत ठेवून घेतात आणि रुग्णांची शुश्रूषा होली क्रॉस संघाच्या धर्मभगिनी करतात. ब्रह्मचर्य कशासाठी, हे भाषणानं पटत नसेल तर अशा ठिकाणच्या वॉर्डात एक दुपार काढावी. कोरड्या ओठांवरून ओला कापूस फिरवणारा हात नवऱ्याचा नसतो, बायकोचा नसतो, आणि घाईचाही नसतो.

तुमच्याकडे वेळ असतो हो. आम्हाला कुठला?

हा तुमचा गैरसमज आहे, आणि त्यामागची सगळ्यात मोठी चूक आमची आहे. सिस्टर म्हटली की शाळा, वसतिगृह, हिशेब, ऑडिट, मीटिंग, चर्चमधली फुलं, पालकसभा. नवऱ्यामुलांना न दिलेले तास आम्ही फायलींना देतो आणि त्याला सेवा म्हणतो. बायबलमधल्या बेथानीच्या मार्थेची गोष्ट आम्ही दरवर्षी ऐकतो. ती स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली आणि बहीण येशूच्या पायाशी ऐकत बसली. ऐकून आम्ही पुन्हा भांडी आपटायला जातो.

माझं सांगते. एक बाई, माझ्याहून वयानं लहान, स्तनाचा कर्करोग. तिनं निरोप पाठवला होता, सिस्टरला जरा यायला सांगा. मी तेव्हा वार्षिक अहवालात बुडाले होते. सोमवारी जाते म्हटलं. शनिवारी रात्री ती गेली. तिला काय सांगायचं होतं हे कुणालाच माहीत नाही, कदाचित काहीच नसेल. अहवाल वेळेत गेला. तो नंतर कुणी उघडलाही नसावा, कारण त्यात मी एका पानाचा क्रमांक चुकवला होता आणि आजतागायत कुणी विचारलं नाही.

तेव्हा वेळ व्रतानं मिळत नाही. तो कुणाकडून तरी काढून घ्यावा लागतो, माझ्या बाबतीत फायलींकडून.

एकटं वाटत नाही का?

वाटतं. रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला जास्त. भावाकडे नातवंडाच्या बाप्तिस्म्याचा कार्यक्रम आटपून परत आले की दोन दिवस कन्व्हेंटची खोली फार नीटनेटकी वाटते.

त्यावर उपाय म्हणून मी म्हाताऱ्यांकडे जात नाही. हे लक्षात ठेवायला मला वर्षं लागली. आपल्या भुकेसाठी दुसऱ्याच्या उशाशी बसलं की ते त्या माणसाला कळतं. मग तोच तुम्हाला सांभाळायला लागतो, चहा विचारतो, बरं नसताना हसतो. एकटेपण घेऊन मी चॅपेलमध्ये जाते, मैत्रिणीला फोन करते, कधी समुद्रावर चालते. त्यातलं थोडं उरतंच. ते राहू देते.

कधी कुणाच्या प्रेमात पडला नाहीत?

नववीच्या वर्गात हा प्रश्न चिठ्ठीतून येतो, बाकीच्या चिठ्ठ्यांत लपवून. पडले होते. कायमची व्रतं झाल्यानंतर. मी काय केलं? एका वयस्क सिस्टरला सगळं सांगितलं. तिनं उपदेश केला नाही, काजूची पाकिटं भरत होती ती भरत राहिली आणि म्हणाली, "आता त्याला एकटीनं भेटू नकोस, आणि स्वतःवर चिडू नकोस." पहिलं जमलं. दुसरं जमायला दोन पावसाळे गेले.

इतकी जवळीक, तर सीमा कुठे आखायच्या?

हा प्रश्न आता लोक स्पष्ट विचारतात आणि विचारायलाच हवा. चर्चमधल्या माणसांनी विश्वासाचा आणि पांढऱ्या झग्याचा गैरवापर केला, जगभर केला, आणि कित्येक ठिकाणी तो वर्षानुवर्षं झाकला गेला. त्यानंतर 'आमच्यावर विश्वास ठेवा' एवढं म्हणून भागत नाही.

माझे नियम साधे आहेत. दार उघडं. घरात आणखी कुणीतरी. मुलांना एकटीनं भेटायचं नाही, आणि मुलानं काही सांगितलं तर 'हे आपल्यातच ठेवू' असं वचन कधीच द्यायचं नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, सिस्टर असा नाहीतर शेजारी. भेट गुप्त ठेवावीशी वाटली की समजावं, काहीतरी चुकतंय. आणखी एक खूण: अमुक माणसाला माझ्याशिवाय कुणी समजूनच घेत नाही असं मनात आलं की मी पुढच्या खेपेला दुसऱ्या सिस्टरला सोबत नेते. नाक मुरडत नेते, पण नेते.

ओळखतही नाहीत अशा माणसांजवळ बसून उपयोग काय?

स्मृतिभ्रंश झालेल्या एका मास्तरांकडे मी तीन वर्षं गेले. दर वेळी नवी ओळख. दर वेळी मला ते सातवीतली मुलगी समजून पाढे विचारत. एकोणतीसचा पाढा माझा त्यामुळे पक्का झाला. उपयोग एवढाच.

असं जगलेलं कुणी मोठं माणूस आहे का?

संत पुष्कळ आहेत, मला एकच सांगायचाय. शार्ल द फूको. फ्रान्सच्या सैन्यातला उधळा अधिकारी, पुढे १९०१ साली धर्मगुरू झाला आणि १९०५ पासून सहारात तामानरासेतला तुआरेग लोकांत राहिला. तिथे त्यानं जवळपास कुणालाच ख्रिस्ती केलं नाही. शाळा नाही, मोठं हॉस्पिटल नाही. त्यानं काय केलं, तर लोकांचे शब्द लिहून घेतले. त्यांच्या कविता, म्हणी, उंटाच्या आणि वाळूच्या नाना तऱ्हांची नावं. त्यातून तयार झालेला तुआरेग-फ्रेंच कोश त्याच्या मृत्यूनंतर चार खंडांत छापला गेला. चार खंड भरतील इतकं ऐकणं म्हणजे किती दुपारी बसणं झालं असेल, हिशेब करा.

मला त्याच्या आयुष्यातला १९०८ च्या सुरुवातीचा प्रसंग सगळ्यात जवळचा. दुष्काळ होता, तो आजारी पडून हलताही येईना असा झाला. तेव्हा शेजारच्या तुआरेग लोकांनी लांबलांबून शोधून शेळीचं दूध आणलं आणि त्याला जगवलं. तोवर तो देणारा होता. त्या दिवशी घेणारा झाला. मला वाटतं, ती त्याची खरी दीक्षा. १ डिसेंबर १९१६ ला तो तिथेच मारला गेला आणि २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केलं. मधली शंभरावर वर्षं त्याला काही घाई नव्हती.

हे फक्त ख्रिस्ती लोकांतच आहे का?

अजिबात नाही. वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. तिथे ब्रह्मचर्य घेतलेल्या बहिणी एकत्र राहतात, शेतात राबतात, स्वयंपाक करतात आणि निर्णय सर्वानुमतीनं घेतात. बहुमतानं नाही, सर्वानुमतीनं. आमच्या कन्व्हेंटमध्ये रविवारी भाजी कुठली करायची यावर सर्वानुमती होत नाही, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत प्रत्येकीचं ऐकत राहायचं, ही काय लहानसहान तपश्चर्या झाली?

माझं लग्न झालं नाही. व्रत वगैरे काही नाही, राहून गेलं. हे मला लागू पडतं का?

या प्रश्नाला मी जपून उत्तर देते, कारण विचारणारी बहुतेक वेळा रडू आवरत असते. आधी आजोळच्या मावशीचं केलं, मग आईचं केलं, भावाची पोरं वाढवली, आणि आता घरात तिची खोली कुणाला द्यायची याची चर्चा चालू आहे. अशा बाईला 'तुमचं जीवनही एक पाचारण आहे', देवाचंच बोलावणं आहे, असं सांगणं सोपं असतं. मी सांगत नाही. व्रत मी निवडलं, तिला कुणी विचारलंच नाही. दोन्हींना एकच नाव देणं तिच्यावर अन्याय आहे.

तिला मी विचारते, तुमच्याजवळ कोण बसतं? उत्तर नसेल तर आधी त्याची सोय करू, इतरांची सेवा नंतर.

बाहेरच्यांवर प्रेम करता, आणि कन्व्हेंटमधल्या सिस्टर्सवर?

तिथे खरी परीक्षा. आजारी माणसाजवळ तासभर गोड राहता येतं. जी सिस्टर सकाळी पावणेसहाला चपला फरफटत जिना उतरते, लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालते आणि तुमच्या प्रत्येक वाक्यावर 'ते नाही तसं' म्हणते, तिच्याकडे लक्ष देणं म्हणजे काय ते आमचं आम्हाला ठाऊक. आमच्या घरात अशी एक आहे. तिच्या लेखी तशी मी आहे. अकरा वर्षं एका जेवणाच्या टेबलावर बसतो.

म्हातारपणी तुमच्याजवळ कोण बसणार?

आमच्याकडे कुणी सिस्टर फार आजारी झाली की फळ्यावर रात्रीच्या पाळ्या लागतात. दोन-दोन तासांच्या. दहा ते बारा लगेच भरते, पहाटेची प्रार्थनेमुळे सोयीची असते. दोन ते चार कुणालाच नको असते.

दोन वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स खूप उतरल्या होत्या. रात्री कधीतरी डोळे उघडले तर खुर्ची उशीजवळ ओढलेली, पिशवी जमिनीवर आणि खुर्चीत ती, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. मी उठायला गेले तशी ग्लास तोंडाशी धरून म्हणाली, "पी. आणि घोरतेस तू."

"मी नाही घोरत," मी म्हटलं.

"ते नाही तसं," ती म्हणाली, आणि चारनंतरही बसून राहिली.